राणी रंग कुठे गेला?

१

नीरजाची किंकाळी ऐकू आली तेव्हा उल्का समोरच्या आपल्या घराच्या ओटीवर तांदूळ निवडत होती. सूप तिथंच टाकून ती धावली. नीरजा ही तिच्या भावाची सून, आणि ती काही घाबरट नव्हती. घरात साप निघाला तर आधी काठी शोधणारी बाई. ती किंचाळली म्हणजे काहीतरी भलतंच घडलं असणार.

आणि भलतंच घडलं होतं. प्रिंटरच्या टेबलावर, खाली चटईवर, खिडकीच्या कट्ट्यावर वीस फोटो पसरले होते आणि वीसच्या वीस फोटोंतली माणसं हिरवीनिळी पडली होती. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपसमारंभाचे फोटो. बाई खुर्चीत हसत बसलेल्या, गळ्यात गुलाबाचा हार, आणि चेहरा मात्र चार दिवस खाडीत राहून वर आलेल्या माणसाचा! हार शेवाळासारखा. उल्काच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आत्या, मी छपाई लावून बाजारात गेले हो," नीरजा रडकुंडीला आली होती. "परवा रविवारी द्यायचेत. बाईंना हे कसं दाखवू मी?"

दोन हजार चार सालचा डिसेंबर होता. नीरजाचा नवरा मुकुल बोटीवर नोकरीला. त्यानं येताना हा फोटो छापायचा प्रिंटर आणला होता, आणि नीरजा घरबसल्या बारशा-मुंजींचे फोटो छापून द्यायची. प्रिंटर चांगला, पण त्याचं शाईचं कार्ट्रिज म्हणजे दरोडा. नीरजानं सगळी रत्नागिरी पालथी घातली आणि शेवटी रामआळीत करीमच्या दुकानात तिला उपाय सापडला. जुनंच कार्ट्रिज, आणि ते भरायला तीन बाटल्या, तीन सुया. निळा, पिवळा आणि तिसरा मॅजेंटा, ज्याला नीरजा साध्या भाषेत राणी रंग म्हणायची. गेले आठ महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

उल्कानं एक फोटो उचलून उजेडात धरला. सव्वीस वर्षं तिनं गावातल्या एका स्टुडिओत काळे-पांढरे फोटो हातानं रंगवले होते. स्टुडिओ बंद पडला तरी डोळा गेला नव्हता.

"निळा आहे, पिवळा आहे," ती म्हणाली. "यातला राणी गेलाय."

"पण कालच तर कार्ट्रिज भरलं! तिन्ही बाटल्यांतून!"

एवढ्यात मोरीकडून राजाभाऊ आले, पंच्याला हात पुसत. उल्काचे थोरले भाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर गुलाबी डाग होता.

"कोकमाचं आगळ सांडलं गो हातावर," ते म्हणाले. खरं तर त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी फोटो पाहिले आणि मटकन खाली बसले. एरवी शाईचा थेंब वाया गेला तरी सुनेला पंधरा मिनिटं ऐकवणारा हा माणूस आज एक अक्षर बोलला नाही. धक्काच तसा होता, असं उल्काला वाटलं.

स्वयंपाकाच्या आनंदीबाई मात्र दारातून कडाडल्या, "करीमनं शाईत पानी घातलान, दुसरा काय! स्वस्तातला मस्त म्हंता काय?"

प्रिंटरच्या खुर्चीवर राजाभाऊंची गोधडी पडली होती. दुपारी ते तिथं बसून कॉम्प्युटरवर पत्ते खेळत. उल्कानं ती घडी करून ठेवली. भिंतीवरचा जनीवहिनीचा फोटो तिरका झाला होता, तोही जाता जाता सरळ केला. वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आनंदीबाई नारळ आणायला म्हणून बाहेर पडल्या. दुपारपर्यंत आख्ख्या आळीला ठाऊक झालं की करीम भेसळीची शाई विकतो.

२

संध्याकाळी उल्का कार्ट्रिज आणि राणी रंगाची बाटली पिशवीत घालून रामआळीत गेली. करीमच्या दुकानासमोर दोघंतिघं उगाचच उभी होती, आत कोणीच नव्हतं.

करीम राजाभाऊंचा विद्यार्थी. दहावीच्या वर्षी त्याचे वडील आजारी पडले तेव्हा राजाभाऊंनी त्याला घरी बसवून गणित शिकवलं होतं. पुढं मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटीतला आपला वाटा विकून त्यानं हे दुकान टाकलं. सोमवारी एका कॉलेजच्या सगळ्या प्रिंटरांना शाई पुरवायचं काम त्याला मिळणार होतं. ते मिळालं तर दुकान उभं राहणार, आणि भेसळीचा बोभाटा कॉलेजपर्यंत पोचला तर दुकानाला कुलूप.

"करीम, खरं सांग. बाटलीत काय होतं?"

"ताई, सीलबंद बाटली दिली होती. अल्लाची शपथ." त्यानं बाटली हातात घेतली, बूच उघडलं आणि नाकाशी नेली.

आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं हळूच बूच लावलं, बाटली पुढं सारली आणि खाली बघत म्हणाला, "चूक माझीच समजा."

उल्काचा कानावर विश्वास बसेना. "म्हणजे? तू भेसळ केलीस?"

"समजा म्हटलं ना, ताई. नीरजावहिनींचं नुकसान मी भरून देईन. पुढं विचारू नका."

"अरे, सोमवारी कॉलेजचं काम आहे तुझं! बाहेर लोक काय बोलतायत ते ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." एवढंच बोलून तो बिनकामाचा फळीवरचे खोके लावू लागला.

उल्का सुन्न होऊन पायरी उतरली. शपथ घेणारा माणूस बाटलीचा वास घेतो आणि क्षणात गुन्हा कबूल करतो? तेवढ्यात मागून सुरय्या, करीमची बायको, पदर सावरत धावत आली.

"ताई, हे खोटं बोलतायत. का ते मला सांगत नाहीत. पण हे घ्या." तिनं वहीचं एक पान हातात कोंबलं. "नवा खोका आला की प्रत्येक रंगाचा थेंब आम्ही वहीत टाकून ठेवतो, खाली तारीख. तुमची बाटली याच खोक्यातली."

पानावर थेंब होता. लख्ख राणी रंगाचा.

३

शनिवारी सकाळी उल्का झुबेरच्या दुकानात गेली. मारुती मंदिराजवळ काचेची दारं असलेलं नवं दुकान, मस्कतहून परतल्यावर टाकलेलं. तो फक्त कंपनीची कार्ट्रिजं विकायचा. करीम बुडाला तर सगळं गिऱ्हाईक त्याचंच. उल्काच्या मनात संशय होताच, आणि तिनं तो लपवला नाही.

"तू कोणाला हाताशी धरून बाटली बदललीस का?"

झुबेर हसला. "मावशी, काल संध्याकाळी करीम माझ्या दुकानात आला होता. अस्सल कार्ट्रिज विकत घेऊन गेला. 'नीरजावहिनींना द्यायचंय, त्यांचं काम अडलंय.' माझ्या दुकानातून! मीच थक्क झालो. भेसळवाला असं करतो काय?"

उल्काला आठवलं, सकाळी नीरजाच्या टेबलावर नवंकोरं कार्ट्रिज होतं खरं. ती फोटो नव्यानं छापायला बसलीसुद्धा होती.

झुबेरनं तिनं आणलेलं बिघडलेलं कार्ट्रिज भिंगाखाली धरलं. "हे बघा. शाई जिथून बाहेर पडते तिथं पांढरे कण. शाई वाळली की पापडी धरते, तीही रंगाची. असे खडे नाही होत."

उल्कानं पाहिलं. बारीक, पांढरे, चमकणारे कण. तिनं करंगळीनं एक कण टिपला आणि जिभेवर ठेवला.

"अहो मावशी, थुंका!" झुबेर किंचाळला. "विष असेल!"

उल्का थुंकली नाही. ती डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत राहिली.

"मीठ," ती म्हणाली. "खारट मीठ आहे रे हे."

४

घराकडे येताना तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. शाईत मीठ कोण घालतं? शाईसारखं दिसणारं, लालभडक आणि खारट असं घरात काय असतं? कार्ट्रिज रात्रभर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलं होतं. गोड असतं तर मुंग्यांनी गराडा घातला असता. एक मुंगी फिरकली नव्हती. म्हणजे कोकमाचं सरबत नव्हे.

ती भावाच्या घराच्या मागच्या दारानं आत शिरली तेव्हा आनंदीबाई चुलीपुढं तणतणत होत्या.

"उल्काताय, आगळ कोनी संपवलान? बुधवारी अर्धी बाटली व्हती. सोलकढी कशाची करू? आगळ काय कोन पितो?"

उल्का जागच्या जागी थिजली. आगळ! कोकमाचा मीठ घालून टिकवलेला रस. बाटलीत भरला तर नुसत्या नजरेला राणी रंगाहून वेगळा ओळखू येणार नाही. करीमनं वास घेतला आणि ओळखला. कोकणातला माणूस, तो वास त्याला सांगावा लागतो?

खात्री करायला तिला शाळेतलं विज्ञान नको होतं. कोकमाचा डाग कपड्यावर पडला आणि साबण लावला की तो निळसर-हिरवा होतो, हे इथल्या प्रत्येक बाईला मोरीवर कळतं. तिनं एका फडक्यावर बाटलीतले दोन थेंब टाकले, दुसऱ्या कोपऱ्यावर सुरय्यानं दिलेलं पान ओलं करून दाबलं, आणि दोन्हीवर साबण चोळला.

बाटलीतला डाग बघता बघता निळा पडला, मग हिरवट. फोटोतल्या मोठ्या बाईंचा चेहरा जसा झाला होता तसाच. वहीतल्या थेंबाचा डाग मात्र जसाच्या तसा राणी राहिला. कितीही साबण लावा, हलेना.

"अगो बाई!" आनंदीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मंग करीमनं नाय केलान?"

उल्काचं तिकडं लक्ष नव्हतं. मोरीच्या कट्ट्यावर साबणाची वडी होती आणि तिला कालची सकाळ आठवत होती. राजाभाऊ इथूनच हात धुऊन आले होते. साबणानं. आणि अंगठा गुलाबीच होता. आगळाचा डाग असता तर तो साबण लागताच निळा पडून गेला असता.

म्हणजे बाटलीत शाई म्हणून होतं ते आगळ, आणि दादाच्या अंगठ्यावर आगळ म्हणून होती ती शाई.

ती धुण्याच्या दगडावर बसली. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर काढलं, त्यानं हे केलं? आणि करीमचं नाव आळीभर चघळलं जात असताना तो तोंड मिटून बसला?

५

राजाभाऊ माजघरातल्या झोपाळ्यावर होते. झोपाळा हलत नव्हता. उल्कानं फडकं त्यांच्यासमोर धरलं.

"दादा, हा आगळाचा डाग आणि हा शाईचा. आता अंगठा दाखव."

त्यांनी हात मागं घेतला नाही. दोन दिवसांनंतरही नखाच्या कडेला राणी रंग होता.

"करीमला माहीत आहे," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "गुरुवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. फक्त राणी रंगाची एक बाटली दे म्हटलं, आणि नीरजाला सांगू नको. त्याच्याकडे संपली होती. शनिवारच्या एसटीनं खोका येईल म्हणाला. मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. रिकामी बाटली दिसली तर नीरजा विचारील. म्हणून आगळ भरलं. शनिवारी खरी शाई आणून भरणार होतो. तिनं छपाई आधीच काढली."

"आणि काल? काल का नाही बोललास?"

"लाज वाटली गो. आधी सुनेची, मग आनंदीबाई ओरडल्या तेव्हा आळीची. तासातासाला जड होत गेलं. त्यानं माझ्यासाठी आळ अंगावर घेतलान हे कळलं तेव्हा तर..." ते थांबले. त्यांनी पंच्यानं डोळे टिपले. भावाला असं तिनं वहिनी गेली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"पण एवढी शाई गेली कुठं? आख्खी बाटली!"

राजाभाऊ उठले. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक त्यांनी ओढली, वरचे जुने पेपरांचे गठ्ठे काढले आणि खालचे फोटो एकेक करून पलंगावर मांडले.

जनीवहिनी. सतरा वेळा जनीवहिनी. लग्नातला तोच भिंतीवरचा फोटो, तीच मुंडावळ्यांतली खाली वळलेली नजर. फक्त लुगडं दरवेळी निराळं. फिक्कट गुलाबी, जांभळट, डाळिंबी, पुन्हा गुलाबी. प्रत्येकाच्या पाठीमागं मास्तरी अक्षरात आकडे: लाल किती, निळा किती, कुठं दोननं वाढवला, कुठं तीननं कमी. पत्ते खेळत नव्हताच हा माणूस. गणित करत होता.

"हे काय, दादा? वहिनीचा शालू लाल होता ना? मीच तर रंगवला!"

खुंटीवरची गोधडी काढून राजाभाऊंनी तिच्या मांडीवर पसरली आणि मधल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. जुन्या लुगड्याचा तुकडा; विरलेला, पण अजूनही ओळखू येणारा राणी रंग.

"केळशीला लग्न झालं तेव्हा तू गोवरानं घरी पडली होतीस. तिच्या वडिलांना नवा शालू जमला नाही. ती आईचं जुनं लुगडं नेसून उभी राहिली. राणी रंगाचं. पुढं तू स्टुडिओत लागलीस आणि पहिल्याच महिन्यात लग्नातला तिचा फोटो रंगवून आणलास. लाल. केवढी हरखली होतीस! जनी म्हणाली, पोरीचं मन मोडू नका. बेचाळीस वर्षांचा संसार झाला आमचा. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं तो लाल शालू भिंतीवर होता."

उल्काला वाटलं, कुणीतरी कानफटात मारली. नवरी आली की लाल रंगवायची, हा स्टुडिओचा शिरस्ता. मालक विचारू द्यायचे नाहीत. लग्न म्हणजे लाल शालू, त्यात विचारायचं काय? आणि ती तोच लाल हसतहसत भरत गेली होती.

"शेवटी आजारात म्हणाली," राजाभाऊ फोटोंकडे बघत म्हणाले, "'त्या फोटोत मी दुसऱ्याच कुणाच्या तरी लुगड्यात आहे हो.' मला तिला एकदा तिच्या रंगात बघायचं होतं. जवळ आलो होतो गो. सतराव्याला जवळ आलो, आणि शाई संपली."

उल्का रडली. मग तिनं डोळे पुसले, उठली आणि भावाची काठी त्याच्या हातात दिली.

"वहिनीसाठी केलंस ते केलंस. पण करीमचं काय? ऊठ. चल रामआळीत."

६

शनिवारच्या संध्याकाळी रामआळीत पाय ठेवायला जागा नसते. करीमच्या दुकानापुढं राजाभाऊ थांबले. लोकांना वाटलं, मास्तर आता त्याला सगळ्यांसमोर झाडणार. कुजबुज थांबली.

राजाभाऊंनी चपला काढल्या आणि पायरीवर उभे राहून, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "ऐका. करीमची शाई चोख होती. त्यात आगळ मी भरलं. माझ्या घरात, माझ्या हातानं. याला ते कळलं आणि यानं मला वाचवण्यासाठी गुन्हा आपल्या अंगावर घेतला. सोमवारी मी स्वतः कॉलेजात जाऊन हेच सांगणार आहे."

आळी आ वासून बघत राहिली. केळीवाल्याच्या हातातला तराजू तसाच वर राहिला. नीरजा गर्दीच्या कडेला उभी होती. तिनं सासऱ्यांचं बोलणं ऐकलं आणि तोंडावर पदर घेतला.

करीम दुकानातून धावत बाहेर आला. "सर, कशाला? लोक चार दिवसांत विसरले असते!"

"विसरले असते," राजाभाऊ म्हणाले, "पण उत्तर चुकीचंच राहिलं असतं."

करीमनं त्यांना हात धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. मग फळीवरून नुकत्याच आलेल्या खोक्यातली बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. "राणी," तो म्हणाला. "ही माझ्याकडून. आता आगळ आनंदीबाईंना राहू द्या."

रविवारी मोठ्या बाईंना त्यांचे वीस फोटो गुलाबी चेहऱ्यांनिशी मिळाले. दुपारी नीरजानं स्वतः कार्ट्रिज भरलं, उल्कानं गोधडी धरली, राजाभाऊंनी आकडे सांगितले. अठरावा फोटो प्रिंटरमधून इंच-इंच बाहेर आला. आधी मुंडावळ्या, मग वाकलेली मान, मग लुगडं. राजाभाऊंनी तो गोधडीच्या चौकोनाशेजारी ठेवला, बराच वेळ बघितला आणि फक्त म्हणाले, "हीच."

त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो काढला. उल्कानं तो मागून पुढून पाहिला. तिचाच हात, तिचाच लाल. आणि एकदम तिच्या मनात आलं की सव्वीस वर्षांत आपण किती नवऱ्या रंगवल्या असतील? दाभोळच्या, दापोलीच्या, इथल्या. सगळ्या भिंतींवर लाल. एकीलाही विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरात आनंदीबाई सोलकढी ढवळत होत्या. तीस वर्षांपूर्वी त्यांचाही लग्नाचा फोटो उल्कानंच रंगवला होता. घरी आलेल्या प्रत्येकाला त्या तो कौतुकानं दाखवत.

उल्का दारात उभी राहिली. "आनंदीबाई, तुमच्या लग्नातलं लुगडं कुठल्या रंगाचं होतं हो?"

आनंदीबाईंचा पळीचा हात थांबला. डोळे भरून आले.

"हिरवा," त्या म्हणाल्या. "भाताच्या कोवळ्या तरव्यासारखा हिरवा. आजवर कोनी विचारलान नाय."

उल्का वळली आणि प्रिंटरच्या खोलीकडे हाक मारली, "नीरजा, अजून कागद आहे का गो?"